जॉब पडतो एकीकडे, कचरा शिरतो भलतीकडे

वाचकांचे प्रश्न : जुने प्रोग्राम आणि मेमरी डम्प

मागच्या अंकात आम्ही सहज विचारलं होतं की गोव्यात बसून अजून कोबॉलवर (हिशोबाच्या कामाची जुनी प्रोग्रामिंग भाषा) पोट भरणारं कोणी आहे का, तर फोंडा, म्हापसा, मडगाव, वास्को सगळीकडून पत्रं आली आणि बहुतेकांचं रडगाणं एकच, आकड्याच्या जागी आकडा नाही म्हणून प्रोग्राम पडतो आणि डम्प (पडताना मेमरीत जे होतं त्याची छापील प्रत) बघितला की डोकं गरगरतं. म्हणून या वेळचं पान सगळं त्यालाच दिलंय.

प्रश्न : नमस्कार सर. मी फोंड्याला घरून काम करतो, कंपनी पुण्याची, क्लायंट परदेशातली बँक. मेनफ्रेमवर (बँकेच्या मोठ्या संगणकावर) व्याज लावायचा रात्रीचा जॉब नवीन रिलीज गेल्यापासून ०सी७ देऊन पडतोय. शिलकीचं फिल्ड आहे पिक एस९(५)व्ही९९ कॉम्प-३, आणि डम्पात त्या जागी डी५सी१सी९डी२ असं काहीतरी दिसतंय. सिनियर म्हणतो "झिरो घाल रे आनी सोड". सोडू का? (ऑन-कॉलवाला, फोंडा)

उत्तर : सोडू नका. निदान तो डम्प आणि ती इनपुट फाईल बाजूला कॉपी करून ठेवल्याशिवाय तरी नकोच, कारण रिरन मारला की पुरावा गेला, आणि सकाळी क्लायंट विचारेल तेव्हा सिनियर तुमच्याकडेच बोट दाखवणार.

आता तो हेक्स (सोळाच्या पायावरचे अंक, ० ते ९ आणि मग ए ते एफ) वाचू. कॉम्प-३ म्हणजे पॅक्ड, एका बाईटमध्ये दोन अंक, आणि शेवटच्या बाईटचा उजवा अर्धा भाग हे चिन्ह, सी म्हणजे अधिक, डी म्हणजे उणे, एफ म्हणजे बिनचिन्हाचं. तुमच्या फिल्डचे सात अंक (पाच रुपयांचे, दोन पैशांचे) आणि एक चिन्ह मिळून चार बाईट होतात, म्हणजे १२३ रुपये ४५ पैसे असतील तर तिथे ००१२३४५सी दिसायला पाहिजे (क्लायंट परदेशी आहे, पण मी आपला रुपयातच बोलतो). अंकाच्या जागी ० ते ९ सोडून काही आलं किंवा चिन्हाच्या जागी ए ते एफ सोडून काही आलं आणि मशीनला त्याच्यावर बेरीज-वजाबाकी करायला लावली की ते हात वर करतं. त्यालाच डेटा एक्सेप्शन म्हणतात, तुमचा ०सी७ तो हाच, आणि त्याचा ७ हा नंबर १९६४ साली आयबीएमने सिस्टिम/३६० काढलं तेव्हापासूनचा आहे, मशीनं बदलली, हा बदलला नाही.

तुमच्या डी५सी१सी९डी२ मध्ये पहिलाच अंक डी आहे, म्हणजे तो आकडा नव्हेच. पण मेनफ्रेमचा एब्सिडिक तक्ता (कुठल्या अक्षराला कुठला हेक्स त्याची यादी) काढून बघा, डी५ म्हणजे एन, सी१ म्हणजे ए, सी९ म्हणजे आय, डी२ म्हणजे के. नाईक! शिलकीच्या जागी आडनाव येऊन बसलंय. (हे डम्पच्या उजव्या कडेला इंग्रजी अक्षरांत छापलेलं पण असतं, पण सगळे डावीकडच्या हेक्सलाच घाबरतात आणि उजवीकडे कोण बघतच नाही.)

म्हणजे प्रश्न शिलकीचा नाही, रेकॉर्ड कुठे कापायचा त्याचा आहे. आता एकच गोष्ट बघा, जॉब कितव्या रेकॉर्डवर पडला. पहिल्याच किंवा दुसऱ्याच रेकॉर्डवर पडला असेल तर नव्या रिलीजमध्ये कोणीतरी कॉपीबुकात (रेकॉर्डचं माप लिहिलेली, सगळे प्रोग्राम वापरतात ती फाईल) नावाचं फिल्ड लांब केलंय, समजा २०चं ३० केलंय, आणि तुमचा प्रोग्राम रिकंपाईल करायच्या यादीतून सुटलाय, त्यामुळे तो अजून जुन्या मापाने विसाव्या अक्षरानंतर शिल्लक शोधतोय आणि तिथे नाव चालूच आहे. ज्यांची नावं आखूड त्यांच्या तिथे ४०४०४०४० दिसेल, म्हणजे स्पेस, आणि तोही पडणारच कारण शेवटचं शून्य हे चिन्ह होऊ शकत नाही. पण हजारो रेकॉर्ड नीट जाऊन मधल्याच एकावर पडला असेल तर मग माप बरोबर आहे, आणि ज्या प्रोग्रामने फाईल बनवली त्याने ह्या एकाच माणसाचं नाव पुढच्या फिल्डवर सांडवलंय. दोन वेगळे आजार आहेत, औषध वेगळं.

पावसात पाणी हॉलात टपकतं आणि फुटलेलं कौल स्वयंपाकघरावर असतं, तसं हे असतं. ज्या ओळीवर जॉब पडला ती बिचारी बेरजेची ओळ, तिची चूक काहीच नाही. त्याआधी तोच कचरा ग्रुप मूव्हने दोन-तीन ठिकाणांहून आरामात फिरून आलेला असतो, कारण ग्रुप मूव्ह म्हणजे नुसते बाईट उचलून ठेवणं, तिथे आत आकडा आहे की आडनाव ते कोणी तपासत नाही.

आणि ते "झिरो घाल". कॉपीबुकाची चूक असेल तर फक्त शिल्लकच नाही, नावाच्या पुढचं प्रत्येक फिल्ड सरकलेलं आहे, दर, तारीख, सगळं, तुम्ही एकात शून्य घातलंत म्हणून जॉब हिरवा झाला तरी आत काय लिहिलं जाईल ते देवाला ठाऊक. मधला एकच रेकॉर्ड खराब असेल तर त्याला खाते नंबरासकट एरर फाईलमध्ये काढा, बाकीचे जाऊ देत, आणि कंट्रोल टोटलमध्ये (ताळा बघायच्या एकूण बेरजेत) फरक राहू दे, तो फरक दिसलाच पाहिजे, तो झाकू नका.

प्रश्न : सर, आमच्याकडे डम्प वाचणारे जुने लोक रिटायर झाले. उघडला की हजारो ओळी. सुरुवात कुठून करायची ते एकदा सांगा ना, कोर्सवाले फक्त "ॲबेंड-एड बघा" म्हणतात आणि आमच्या टेस्ट बॉक्सवर ते नाहीच. (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : ॲबेंड-एड किंवा फॉल्ट ॲनालायझर (डम्प वाचून देणारी तयार साधनं) असेल तर खुशाल वापरा, त्यात कमीपणा काही नाही, पण हाताने एकदा तरी करून बघायला पाहिजे.

हजारो ओळींतल्या तुम्हाला लागतात फार तर वीस. सीईईडम्प (कोबॉलच्या रनटाईमने छापलेला डम्प) आला असेल तर आधी त्यातला ट्रेसबॅक बघा, कुठल्या प्रोग्राममध्ये, किती ऑफसेटवर (सुरुवातीपासून किती बाईट पुढे), ते तिथे सरळ लिहिलेलं असतं. नुसता सिसयुडम्प (सिस्टिमने छापलेला कच्चा डम्प) असेल तर पीएसडब्ल्यू (मशीन कुठे पोचलं होतं ती नोंद) शोधा, त्यातला पत्ता हा पुढच्या इन्स्ट्रक्शनचा असतो, मेलेल्या नाही, हे विसरलात तर तासभर भलत्याच ओळीकडे बघत बसाल. समजा पत्ता १ए५एसी आहे आणि तुमचा प्रोग्राम १ए००० वर लोड झालाय, वजा केलं की ५एसी, आणि पॅक्ड बेरजेची इन्स्ट्रक्शन सहा बाईटची म्हणून अजून सहा वजा, ५ए६ (हेक्सची वजाबाकी आहे, मोबाईलच्या कॅलक्युलेटरला प्रोग्रामर मोड असतो तो लावा). आता लिस्ट ऑप्शन लावून कंपाईल केलेल्या लिस्टिंगमध्ये (कंपायलरने छापून दिलेला प्रोग्राम) ५ए६ शोधायचं, त्याच्या शेजारी तुमच्या कोबॉलच्या ओळीचा नंबर मिळतो. लिस्टिंग त्याच कंपाईलचं पाहिजे हां, वेळ-तारीख लोड मॉड्यूलशी (प्रत्यक्ष चालणारा तयार प्रोग्राम) जुळवून घ्या, कालचं लिस्टिंग आणि आजचं मॉड्यूल असं केलंत तर सगळं मुसळ केरात.

तिथे समजा एफए३३ ८०१० ८०२० असं दिसलं. एफए म्हणजे पॅक्ड बेरीज. दोन तिना म्हणजे दोन्ही बाजूंची लांबी, पण ती एक कमी करून लिहितात, म्हणजे चार-चार बाईट. पुढचं ८०१० म्हणजे रजिस्टर ८ मध्ये (रजिस्टर ही मशीनच्या आतली छोटी जागा) जो पत्ता आहे त्यात हेक्स १० मिळवा, तिथे पहिला आकडा, आणि २० मिळवा, तिथे दुसरा. रजिस्टरं डम्पच्या सुरुवातीलाच छापलेली असतात. दोन्ही पत्त्यांवर जाऊन चार-चार बाईट बघा, एक चांगला असेल, एक किडका. नावं पाहिजेत तर मॅप ऑप्शनने डेटाचा नकाशा मिळतो, कुठलं फिल्ड कुठे ते त्यात आहे. कधी कधी ती जागा तुमच्या फिल्डची नसतेच, कंपायलरने कच्चा हिशोब करायला घेतलेली असते, मग लिस्टिंगात दोन-चार इन्स्ट्रक्शन वर चढा, तिथे एफ२ म्हणजे पॅक किंवा एफ८ म्हणजे झॅप सापडेल, त्याने कुठून उचललं ते तुमचं खरं फिल्ड.

आणि किडके बाईट दिसले की लगेच कोडमध्ये उडी मारू नका, आधी त्यांच्याकडे नीट बघा, कुठून आले ते स्वतःच सांगतात. सगळे ४० असतील तर कोणीतरी रेकॉर्डवर स्पेसेस मूव्ह केल्यात किंवा फिल्ड रिकामंच आलंय. सगळी शून्यं असतील, चिन्हासकट, तर लो-व्हॅल्यूज, बहुतेक वर्किंग-स्टोरेजला (प्रोग्रामच्या स्वतःच्या फिल्डांना) व्हॅल्यू दिलेली नाही किंवा इनिशियलाईझ राहिलंय. एफ०एफ१एफ३ असं असेल तर समोरच्याने साधा डिस्प्ले आकडा (एका बाईटमध्ये एकच अंक) पाठवलाय आणि तुम्ही तो पॅक्ड म्हणून वाचताय. २० आणि ३० ते ३९ दिसले तर ते मेनफ्रेमचे नव्हेतच, ते अस्कीतले (बाकीच्या संगणकांच्या अक्षरतक्त्यातले) स्पेस आणि अंक, म्हणजे फाईल बाहेरच्या मशीनवरून आलीय आणि भाषांतर न होता तशीच आत शिरलीय.

उलटा प्रकार तर जास्त घातक, पॅक्ड असलेली फाईल एफटीपीने टेक्स्ट मोडमध्ये पाठवणं. ५सी हा बाईट एब्सिडिकमध्ये तारा आहे, त्याचं अस्की होतं २ए. आता शेवटचा बाईट ५सी होता, म्हणजे अंक पाच आणि चिन्ह अधिक, तो झाला २ए, म्हणजे अंक दोन, आणि ए हेसुद्धा मशीनला चालणारं अधिकाचंच चिन्ह आहे! तो बाईट तपासणीत पास, पाच पैशाचे दोन झाले आणि चूं नाही की चां नाही. तसंच तीन स्पेस आणि एक तारा, रिपोर्टाच्या ओळीत असतात ना, ते चुकून पॅक्ड फिल्डवर पडले तर ४०४०४०५सी होतात, आणि मशीन त्याला चाळीस हजार चारशे चार रुपये पाच पैसे म्हणून मान्य करतं. असल्या चुकांना डम्पच पडत नाही, ऑडिटच्या वेळी सापडतात. म्हणून मी म्हणतो ०सी७ आला तर कपाळाला हात लावू नका, निदान मशीन ओरडलं तरी.

प्रश्न : दादा, आमचा प्रोग्राम मेनफ्रेमचा नाही, लिनक्सवर मायक्रो फोकस कोबॉल. तालुकावार बिलिंगचा रिपोर्ट. मास्टरमध्ये धारबांदोड्याचा नवीन कोड हल्लीच घातला, आधी ते लोक जुन्याच तालुक्यांच्या कोडवर चालवून घेत होते. तेव्हापासून रिपोर्ट शेवटी १६३ एरर देतो, न्युमरिक फिल्डमध्ये चुकीचं अक्षर. फाईल तीनदा तपासली, एकदम स्वच्छ. कोअर फाईलमध्ये (लिनक्सवरचा डम्प) ग्रँड टोटलच्या जागी ४४४८४१५२. (बिलिंगवाली, सावर्डे)

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून हसू आलं, राग मानू नका, उत्तर तुम्ही स्वतःच लिहिलंय. इथे अस्की, तर ४४ म्हणजे डी, ४८ एच, ४१ ए, ५२ आर. धार. तुमच्या ग्रँड टोटलमध्ये धारबांदोडा चढून बसलाय.

गोव्याचे तालुके आधी ११ होते, धारबांदोडा वेगळा झाला आणि १२ झाले. प्रोग्राममध्ये तालुक्यांच्या टेबलाला ऑकर्स ११ (म्हणजे अकराच जागा) असणार, ते कोणी वाढवलं नाही, आणि बाराव्या तालुक्याचं नाव टेबल संपल्यावर पुढे जी जागा आहे तिथे लिहिलं गेलं, आणि पुढे होती ग्रँड टोटल. कोअरमध्ये सबस्क्रिप्टची (टेबलातली कितवी जागा ते सांगणारा आकडा) जागा पण बघून घ्या, तिथे ०००सी असेल, हेक्सचा सी म्हणजे बारा, झाला पुरावा. एवढंच की सबस्क्रिप्ट कॉम्प-५ (मशीनच्या स्वतःच्या क्रमाने ठेवलेला बायनरी आकडा) असेल तर इंटेलच्या मशीनवर बाईट उलटे दिसतात, ०सी००, ते बघून तीन हजार बहात्तर कसे आले म्हणून गोंधळू नका.

फाईल स्वच्छ आणि मेमरीत घाण, असं असलं की नेहमी घाणीच्या *आधीचे* बाईट बघायचे. तिथे ठराविक अंतराने तेच तेच येताना दिसलं, नाव आकडा नाव आकडा, की समजा शेजारचं टेबल उतू गेलंय.

ऑकर्स १२ करा, त्यापेक्षा १५ करा आणि वर एक तपासणी घाला. बाऊंड चेकिंग चालू ठेवून कंपाईल केलं असतं तर हाच प्रोग्राम १५३ देऊन, सबस्क्रिप्ट मर्यादेबाहेर म्हणून, बरोबर त्या ओळीवरच थांबला असता. पूर्वी मशीनं हळू होती म्हणून प्रॉडक्शनला ते बंद करायची पद्धत पडली, आता तालुक्यांच्या रिपोर्टाला कसली आलीय स्पीडची चिंता. मेनफ्रेमवाल्यांनो, तुमच्याकडे ह्यालाच एसएसरेंज म्हणतात, टेस्टमध्ये तरी लावत जा.

प्रश्न : प्रत्येक फिल्डच्या आधी इफ न्युमरिक (आत आकडाच आहे ना ही तपासणी) लावला तर कटकटच मिटेल ना? (वास्को)

उत्तर : फाईल आत येते त्या दारावर लावा, तिथे शंभर टक्के लावा. प्रत्येक बेरजेआधी लावून एल्समध्ये शून्य घालणारे प्रोग्राम मी बघितलेत, ते कधी पडत नाहीत आणि त्यांचा हिशोब कधी जुळत नाही. नव्या एंटरप्राइझ कोबॉलमध्ये नमचेक म्हणून ऑप्शन आहे, कंपायलर स्वतःच तपासण्या घालतो, टेस्टिंगला छान आहे, रात्रीच्या मोठ्या बॅचला मात्र वेळ खातो.

प्रश्न : रात्री डम्प समजला नाही की आम्ही स्क्रीनचा फोटो काढून जुन्या सहकाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो, पाच मिनिटांत उत्तर मिळतं. यात काही वावगं? (मडगाव)

उत्तर : वावगं आहेच. वरच्या पत्रात बघा ना, चार बाईटमधून आडनाव बाहेर आलं. डम्प म्हणजे त्या क्षणी मेमरीत जे होतं ते सगळं, ग्राहकाचं नाव, खाते नंबर, शिल्लक, कधी पासवर्डसुद्धा, आणि तुमच्या ग्रुपमधले निम्मे लोक आज दुसऱ्या कंपनीत आहेत. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, शिवाय क्लायंटच्या करारात ह्याबद्दल कलम असतंच, नोकरी जायला एक फोटो पुरतो. विचारायचंच असेल तर फोटो नको, हाताने टाईप करा, "पॅक्ड फिल्डमध्ये ४०४०४०४० आलंय, ऑफसेट अमुक, इन्स्ट्रक्शन एफए", ह्यात कोणाचं काही जात नाही आणि उत्तरही तेवढंच लवकर येतं. बाहेरच्या व्हेंडरला डम्प द्यावाच लागला तर क्लायंटला विचारून, त्यांच्याच रस्त्याने.

प्रश्न : मी फर्मागुडीला इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरचे म्हणतात कोबॉल शिकून काय करणार. (एक विद्यार्थिनी)

उत्तर : आख्खं करिअर त्यावर लावू नकोस, पण हेक्स वाचायला, पॅक्ड काय, एब्सिडिक काय, बाईटचा क्रम काय हे शिकायला एक सुट्टी घाल. जीएनयूकोबॉल फुकट आहे, लॅपटॉपवर चालतं. एक छोटा प्रोग्राम लिही, मुद्दाम पॅक्ड फिल्डवर ग्रुप मूव्हने स्पेसेस टाक, एकदा डिबग ऑप्शन लावून आणि एकदा न लावता चालव, दोन्हीत काय होतं ते बघ आणि मला कळव.

प्रश्न : आमचा जॉब ०सी७ देतो पण डम्पच येत नाही, स्पूलमध्ये (जॉबचं छापायचं सगळं साठतं तिथे) फक्त चार ओळी. (म्हापसा, दुसरे वाचक)

उत्तर : त्या स्टेपमध्ये सिसयुडम्पचं डीडी कार्ड (कुठली फाईल कुठे जायची ते जॉबला सांगणारी ओळ) आहे का बघा, बहुतेक नसेल, किंवा कोणीतरी जागा वाचवायला डमी करून ठेवलं असेल. ते सिसआऊटला लावा, सीईईडम्पचं पण लावा. तरी नाही आला तर लँग्वेज एन्व्हायर्नमेंटचा (मेनफ्रेमवरचा कोबॉलचा रनटाईम) टर्मथडॅक्ट ऑप्शन बघा, तो क्वाएट किंवा नुसत्या मेसेजवर ठेवला असेल तर सीईईडम्प येतच नाही, तो डम्प किंवा युएडम्प करून घ्या, सिस्टिमवाल्यांना सांगितलं की करून देतात. आणि स्पूल किती दिवसांनी साफ होतं ते पण त्यांनाच विचारून ठेवा, शुक्रवारी रात्री पडलेला जॉब सोमवारी बघायला गेलात आणि तोवर स्पूल पुसलं गेलं असेल तर परत पडायची वाट बघत बसावं लागेल.